तेजाला धक्का

न्वे यीला पकडायला पोलीस आले तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि ती चुलीवर भात चढवत होती. आठ जण होते. तिघांच्या हातात बंदुका, एकाच्या हातात वॉरंट, आणि सगळ्यांच्या पुढे ठाण्याचे साहेब उ सो टिंट, दोन मजले चढून धापा टाकत आलेले. पण दारापाशी सगळी पलटण थबकली. चौकटीवर आडवी दोरी होती आणि दोरीवर न्वे यीची जांभळी थमेन वाळत होती. कमरेला गुंडाळायची, रोजच्या वापरातली, काठाला विटलेली.

"ती काढा," साहेब बाहेरूनच म्हणाले.

"ओली आहे अजून," न्वे यी आतून म्हणाली.

"काढा म्हणतोय ना!"

"माझे हात भरलेत, साहेब. तुम्हीच घ्या की काढून. जड नाहीये."

आठांपैकी एकाचाही हात पुढे आला नाही. बाईच्या नेसत्या थमेनला पुरुषानं हात लावला किंवा तो तिच्याखालून गेला की त्याचं तेज उतरतं, हे बर्म्यातल्या मुलाला पाऊल टाकायला येण्याआधी कळतं. तेज उतरलं की बढती अडते, धंदा बसतो, आणि शिपाईगडी असेल तर गोळी नेमकी त्यालाच हुडकत येते. साहेबांनी एका शिपायाच्या बंदुकीकडे पाहिलं. शिपाई घाईघाईनं म्हणाला, "साहेब, ही मला रोज खांद्यावर घ्यावी लागते." मग साहेबांनी शेजारणीला हाक मारली. शेजारीण म्हणाली, माझे गुडघे दुखतात, त्यामुळे हात वर जात नाहीत. शेवटी ठाण्यात फोन लावून ए मॉ नावाच्या महिला शिपायाला बोलावून घेतलं. ती सायकल मारत येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

तेवढ्या वेळात न्वे यीनं युनियनची वही एकेक पान फाडून चुलीत सारली. तीनशे बारा जणींची नावं, पत्ते, कोण कुठल्या कारखान्यात, सगळं होतं तिच्यात. भात करपला, पण वही पुरती जळाली. ए मॉनं थमेन काढून घडी घातली आणि साहेब ताठ मानेनं आत आले, तेव्हा न्वे यी राख सारखी करत होती.

"करपल्याचा वास येतोय," साहेब म्हणाले.

"तुमचीच वाट बघण्यात लक्ष गेलं," ती म्हणाली.

न्वे यी सत्तेचाळीस वर्षांची. यांगोनच्या पश्चिमेला, नदीपलीकडच्या कारखान्यांच्या वस्तीत तिनं वीस वर्षं शिलाई मशीनवर काढली होती. बर्फाच्या देशातल्या लोकांसाठी जाकिटं शिवायची. बर्फ मात्र तिनं फक्त चहाच्या दुकानात, तोही पाण्यात घातलेला पाहिला होता. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं की म्हणायची, "शोधायला सुट्टी मिळाली नाही." सुट्टी मिळावी म्हणूनच तिनं युनियन काढली. त्यापायी दोनदा नोकरी गेली, दोनदा परत मिळाली. फेब्रुवारीत लष्करानं निवडून आलेलं सरकार गुंडाळून बाजूला ठेवलं, तेव्हा शहरातले मोठे पुढारी निवेदनातला तिसरा परिच्छेद मवाळ असावा की जहाल, यावर चर्चा करत होते. न्वे यीच्या युनियनमधल्या पोरी तोवर रस्त्यावर येऊन घोषणांनी घसे बसवून घेत होत्या.

मार्च उजाडला तशा लष्कराच्या गाड्या गल्ल्यांतून शिरू लागल्या. पोरींनी वाळूची पोती रचली, बांबू आडवे टाकले, टायर जाळले. गाड्या त्यांवरून जायच्या. तेव्हा सु म्यात म्हणाली, "अमा, यांना पोत्यांची भीती नाही वाटत. आपली वाटते."

सु म्यात म्हणजे बटणांच्या काज्यांच्या मशीनवरची एकोणीस वर्षांची मुलगी. न्वे यीला वस्तीतल्या सगळ्याच पोरी अमा, म्हणजे ताई, म्हणायच्या. पण सु म्यात तो शब्द असा लांबवायची की पुढं काहीतरी खोडी येणार हे कळायचं.

"आपली कसली?"

"आपल्या थमेनींची."

दुसऱ्या दिवशी गल्लीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोऱ्या बांधल्या गेल्या आणि त्यांवर अकरा थमेनी लटकल्या. गाडी आली नि करकचून थांबली. आत बसलेले शिपाई, ज्यांनी आदल्या दिवशी एका म्हाताऱ्याला काठीनं झोडपलं होतं, ते वर बघू लागले. मग वाद सुरू झाला. कप्तान म्हणाला, तू काढ. हवालदार म्हणाला, माझं लग्न ठरलंय. एकानं लांब बांबू आणला, पण तो धरायला कुणी तयार होईना. कप्तानानं गाडी मागं घ्यायला लावली तोवर बावीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात तीन गल्ल्यांतली पोरं मागच्या नाल्यातून पार झाली. सु म्यात गच्चीवर हसून हसून आडवी पडली होती.

मार्चच्या मध्यात गोळीबार झाला तो मुख्य रस्त्यावर. रस्ता रुंद होता, दोरी पुरत नव्हती. सु म्यात पुलाशी पडली. तिचं प्रेत दोन दिवसांनी मिळालं. कुठून, किती अटींवर, ते न्वे यी कधी कुणाला सांगत नसे.

अटकेनंतरचे नऊ दिवस तिला एका बिननावाच्या इमारतीत ठेवलं. तिथं चौकशी करणाऱ्यांनी तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. वहीतली नावं विचारायचे. ती म्हणायची, मला माझंच नाव आठवेना झालंय. थमेनला बोट लागलं तर ज्यांचं तेज जात होतं, त्यांना बाईला हात घालताना मात्र तेजाची काही काळजी दिसली नाही. पुढं याची आठवण निघाली की न्वे यी एवढंच म्हणायची, "शास्त्रात तशी सूट असेल."

खटला तुरुंगाच्याच आवारात भरायचा. लोकांना घाबरवल्याबद्दल आणि शिपायांचं मनोबल खच्ची केल्याबद्दल, असा आरोप. न्यायाधीश साठीला टेकलेले, केसांना काळा कलप, आवाज मऊ. पुरावा म्हणून गल्लीतल्या अकरा थमेनी जप्त होत्या. पहिल्या तारखेला पुरावा आलाच नाही, कारण पोतं उचलणार कोण? दुसऱ्या तारखेला ए मॉ रजेवर. तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी चिडून विचारलं, "मुद्देमाल ठेवलाय तरी कुठं?"

"वर, साहेब," कारकून म्हणाला.

"वर कुठं?"

कारकुनानं छताकडे बोट दाखवलं. मुद्देमालाची खोली वरच्या मजल्यावर होती. बरोबर न्यायाधीशांच्या खुर्चीच्या वर.

न्यायाधीशांनी मान हळूहळू वर नेली. दीड महिना ते त्या खुर्चीत बसत होते. दीड महिन्यात त्यांची पाठ धरली होती, जावयाची बदली रानात झाली होती, आणि दाढेला पू झाला होता. ते उभे राहिले, म्हणाले, "कामकाज तहकूब," आणि भिंतीला चिकटत बाहेर गेले. पुढचे आठ दिवस आले नाहीत. कुणी म्हणालं, ज्योतिषाकडे गेलेत. कुणी म्हणालं, विहारात नऊ वेळा नऊ फुलं वाहतायत. आले तेव्हा खुर्ची आंब्याच्या झाडाखाली मांडली होती आणि डोक्यावर मोकळं आभाळ होतं. त्यातून पक्षी शिटला, पण ते त्यांनी शुभ मानलं.

ए मॉ पोतं घेऊन आली. एकेक थमेन काढायची, दाखवायची, आणि आरोपीनं ती कुणाची ते सांगायचं, असं ठरलं. सरकारी वकिलाला बाकीच्या दहा बायका हव्या होत्या.

"ही कुणाची?"

"माझी," न्वे यी म्हणाली.

"ही?"

"माझी."

पाचवी निघाली ती भल्या मोठ्या घेराची, गल्लीतल्या मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवया, विकणाऱ्या बाईची. तिच्यात न्वे यी दोनदा मावली असती.

"हीपण तुमची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो साहेब. मी मध्यंतरी सुटले होते."

"आणि ही? ही तर लहान चणीच्या मुलीची दिसते."

"नंतर बारीक झाले."

ए मॉनं खाली बघत ओठ चावला. नववी निघाली हिरवी, मोरपिशी काठाची. काठ एका जागी उसवून पुन्हा शिवला होता, घाईचा, वाकडा टाका. काज्यांच्या मशीनवरची पोर, हातशिलाई तिला कधी जमलीच नाही. न्वे यी त्या टाक्याकडे बघत राहिली. वकिलाला वाटलं, सापडली.

"बोला. ही कुणाची?"

"जरा जवळ आणा."

ए मॉनं ती जवळ आणली. न्वे यीनं वाकड्या बोटांनी टाका चाचपला.

"माझीच," ती म्हणाली. "ही घरी न्यायला मिळेल का?"

मिळाली नाही. तीन वर्षं मिळाली. निकालपत्रात लिहिलं होतं की आरोपीकडे वेगवेगळ्या मापाच्या अकरा थमेनी सापडल्या, यावरून कट किती खोलवर होता हे दिसतं.

तुरुंगाविषयी ती फार बोलत नसे. डाळीचं पाणी, उकिडवं बसून द्यायची हजेरी, आणि एका सतरंजीवर तिघी. एवढं खरं की बायकांच्या कोठडीत झडती घ्यायला पुरुष अधिकारी येऊ लागले की सगळ्याजणी दारात धुणं वाळत घालायच्या, आणि दीड वर्षात त्या कोठडीत झडती झाली नाही. भिंतीमागं दोन पुस्तकं, एक रेडिओ आणि एक मांजर होतं. मांजराला रेडिओपेक्षा जास्त लपवावं लागायचं.

दीड वर्षानं कुठल्याशा सणाची माफी जाहीर झाली आणि तिला सोडलं. तीन आठवड्यांनी चूक लक्षात आली. पुन्हा वॉरंट निघालं. कळवायला आली ए मॉ, साध्या कपड्यांत, भाजीची पिशवी घेऊन. दारात उभं राहून म्हणाली, "अमा, उद्या सकाळी येतायत. या वेळी मला आधीच बरोबर घेतलंय."

न्वे यी त्याच दुपारी निघाली. सहा दिवसांनी, दोन ट्रक, एक बैलगाडी आणि फुगवलेली टायरची ट्यूब असं करत ती मोई नदी ओलांडून थायलंडात, मे सॉटला पोचली.

तिथं लष्कराविरुद्ध लढणाऱ्यांची एक समिती होती. निर्वासितांच्या दुमजली घरात नऊ पुरुष, चार बायका, आणि भिंतीवर मोठा नकाशा, ज्यावर मुक्त झालेले प्रदेश रोज रंगवत. अध्यक्ष को लिन ऊ, चाळिशीचा, गोल चष्म्याचा, सुरेख बोलणारा. घाबरट नव्हता, विद्यार्थिदशेत पाच वर्षं कोठडीत काढून आलेला. परदेशी रेडिओवर तो नेहमी सांगे की बर्मी स्त्रीनं एका थमेननं लष्कराची अंधश्रद्धा उघडी पाडली. न्वे यी आली तेव्हा त्यानं सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी ती कपडे धुवायला गेली. न्हाणीघरात नवंकोरं धुलाई यंत्र होतं, परदेशी मदतीतून आलेलं. तिनं झाकण उघडलं तोच फ्यू धावत आली. फ्यू घरातली सगळ्यात लहान, इंग्रजी शिकलेली.

"अमा, त्यात नाही! ते पुरुषांचं."

"यंत्र?"

"लुंग्या असतात ना त्यांच्या त्यात. आपलं धुणं मागच्या नळावर. हातानं. आणि वाळत घालायचं ते कुंपणाजवळ, खालच्या दोरीवर."

"किती खालच्या?"

फ्यूनं कमरेला हात लावला.

न्वे यी थेट को लिन ऊकडे गेली. तो नकाशा रंगवत होता.

"अमा, मी नाही हो मानत असलं काही," तो ओशाळून म्हणाला. "पण पोरं सीमेवरून लढून येतात. उद्या एखाद्याला गोळी लागली तर म्हणतील, घरातल्या यंत्रामुळे. त्यांच्या मनाचा विचार करायला नको?"

"तिकडचे शिपाईसुद्धा हेच म्हणत होते. त्यांचंही मन होतं."

"तुलना बरोबर नाही, अमा. ते हुकूमशाहीचे शिपाई."

"आणि आम्ही हातानं धुवायचं ते कधीपर्यंत?"

"क्रांतीनंतर या प्रश्नावर स्वतंत्र बैठक घेऊ."

पावसाळा गेला, क्रांती वाटेत होती, आणि न्वे यी चार बायकांबरोबर मागच्या नळावर मोडक्या बोटांनी धुणं पिळत राहिली. मग कळलं, युरोपातल्या एका मोठ्या संस्थेचे पाहुणे येणार आहेत. त्यांना थमेनवाल्या बाईंना भेटायचंय आणि ती दोरी प्रत्यक्ष बघायचीय. समितीची बैठक तीन तास चालली. दोरी पुढच्या अंगणात हवी, डोक्यावर हवी, फोटोत यायला हवी. पण पाहुणे गेल्यावर त्याच अंगणातून नऊ तेजस्वी पुरुषांना ये-जा करायची होती. को लिन ऊनं तोड काढली. बाजारातून नऊ कोऱ्या थमेनी आणल्या, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट.

"न नेसलेल्या आहेत," तो न्वे यीला म्हणाला. "म्हणजे कुणाच्याच भावना दुखावत नाहीत. पाहुणे अकराला येतील. तेवढ्या दोरीवर लावाल?"

न्वे यीनं कापड हातात घेऊन पाहिलं. शिलाई चांगली होती.

"माझा हात नाही पोचत एवढ्या वर. तुम्ही उंच आहात."

"मी?"

"कोऱ्याच तर आहेत. मग अडचण काय?"

को लिन ऊनं चिठ्ठ्या पुन्हा एकदा तपासल्या. अडचण खरंच नव्हती. त्यानं स्टूल आणलं, बाह्या सरसावल्या आणि थमेनी एकेक करून दोरीवर टाकू लागला. सहावी टाकत असताना फाटक वाजलं. पाहुणे अर्धा तास आधीच आले होते.

त्यांनी जे पाहिलं त्यानं ते जागीच खिळले: एवढा मोठा पुढारी, आणि बायकांचे कपडे स्वतःच्या हातानं वाळत घालतोय! पिकल्या केसांच्या एका पाहुणीनं डोळ्यांना रुमाल लावला. कॅमेरे काढले गेले. को लिन ऊ स्टुलावर अवघडून उभा राहिला, मग त्याच्या लक्षात आलं काय चाललंय, आणि त्यानं सातवी थमेन जरा सावकाश, जरा उंच धरून टाकली.

नंतर न्वे यीला बोलायला सांगितलं. ती दहा मिनिटं बोलली. यंत्राबद्दल बोलली, मागच्या नळाबद्दल, कमरेएवढ्या दोरीबद्दल, स्वतंत्र बैठकीबद्दल. एक अक्षर गाळलं नाही. को लिन ऊ शेजारी बसून इंग्रजीत सांगत होता. पाहुणे माना डोलावत होते, मधेच टाळ्याही वाजल्या. न्वे यीला आश्चर्य वाटलं. एवढे मोकळ्या मनाचे लोक तिनं पाहिले नव्हते.

संध्याकाळी भाजी निवडताना फ्यू म्हणाली, "अमा, त्यानं काय सांगितलं ठाऊक आहे? म्हणाला, या म्हणतायत की या घरात पुरुष कपडे धुण्यातसुद्धा हातभार लावतात, आणि त्यासाठी तुम्ही दिलेल्या यंत्राचे आभार."

न्वे यी भाजी टाकून हसायला लागली. इतकी की तिला उचकी लागली आणि फ्यूनं पाठीवर थापटलं. पण पाणी पिऊन झाल्यावर तिचा चेहरा निराळा होता. "तिकडच्या वकिलानं निदान माझं बोलणं बदललं नव्हतं," ती म्हणाली.

फोटो जगभर छापून आला. खाली लिहिलं होतं, "शतकांच्या रूढीविरुद्ध उभा ठाकलेला पुरुष." फोटोत सातव्या थमेनच्या कोपऱ्यावर चिठ्ठी स्पष्ट दिसत होती, पण ती थाई अक्षरांत असल्यानं संपादकांना नक्षी वाटली असावी. को लिन ऊला युरोपातल्या एका थंड शहरात भाषणाला बोलावलं. मग सन्मान झाला, मग तिथंच राहायची परवानगी मिळाली. निघताना त्यानं न्वे यीचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "हे सगळं तुमचं आहे, अमा," तो म्हणाला. विमानाचं तिकीट मात्र एकच होतं.

तो गेल्यावर पाचजणींनी सगळ्या घराचे कपडे एकत्र यंत्रात घातले. उरलेल्या आठांनी दोन दिवस तोंडं फुगवली, आणि तिसऱ्या दिवशी आपापल्या लुंग्या आणून दिल्या, कारण हातानं धुवायचं कसं ते कुणालाच येत नव्हतं.

न्वे यी तिथं राहिली नाही. मे सॉटच्या बाहेर शिलाईचे कारखाने होते आणि त्यांत नदीपलीकडून आलेल्या, कागद नसलेल्या शेकडो पोरी. एका कारखान्यात तिनं दुसऱ्याच नावानं काम मिळवलं. दोन बोटं वाकडी असली तरी कापड सरकवायला तळहात पुरतो. तिथं चाळीस जणींच्या रांगेला संडासाचा एक बिल्ला होता. तो गळ्यात असेल तरच उठायचं. पोरी दिवसभर पाणी पीत नव्हत्या.

चौथ्या दिवशी न्वे यीनं शेजारच्या मुलीला विचारलं, "तुला जायचंय का?"

"सकाळपासून. पण बिल्ला त्या टोकाला आहे."

"आणि तुला?" तिनं पलीकडचीला विचारलं. तिलाही जायचं होतं. प्रश्न रांगेतून पुढं गेला आणि उत्तर तेच परत आलं.

"मग बिल्ला एक आहे ना," न्वे यी म्हणाली, "सगळ्या त्याच्याबरोबर जाऊ."

चाळीस मशिनी एकदम थांबल्या. मुकादम धावत आला, त्याच्यामागं व्यवस्थापक.

"काय चाललंय? कुठं निघालात?"

"मुतायला," न्वे यी म्हणाली, आणि रांग त्या दोघांच्या बाजूनं पुढं गेली.

दुपारपर्यंत चार बिल्ले झाले. शनिवारी न्वे यीला काढून टाकलं. सोमवारी समोरच्या कारखान्यात ती तिसऱ्या नावानं मशीनवर बसली. तिथं बिल्ला नव्हता. संडासाला कुलूप होतं, आणि किल्ली व्यवस्थापकाच्या बायकोकडे.